गुलमर्गला निघण्याआधी, स्की का स्नोबोर्ड ते घरीच ठरवा

आधी सुट्टी किती आहे ते बघा, निम्मा निर्णय तिथंच होतो. बर्फावर चारच दिवस मिळणार असतील तर डोकं न लावता स्की घ्या. दोन्ही पाय सुटे, प्रत्येकाखाली एक लांब पट्टी, तोंड समोर, हातात काठ्या, त्यामुळे पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब असा उलटा व्ही करून हळूहळू उतरणं नि थांबणं बहुतेकांना पहिल्याच दिवशी थोडंफार जमतं. बोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, अंग एका बाजूला वळलेलं, पहिले दोन दिवस बूड शेकून निघणार हे धरूनच चाला. पण एकदा बोर्डच्या कडेवर तोल राहायला लागला की बोर्डवाले भराभर पुढं जातात आणि स्कीवाले त्या व्हीमधून बाहेर यायला धडपडत असतात. म्हणून आठ-दहा दिवस असतील किंवा दरवर्षी जायचा विचार असेल तर बोर्डचा हट्ट जरूर धरा. एक दिवस हे, एक दिवस ते असं मात्र नको, धड काहीच येत नाही.

मग स्वतःच्या अंगाकडे बघा. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर स्कीच्या आधी डॉक्टरांना विचारा, कारण दोन पट्ट्या दोन दिशांना गेल्या की पीळ गुडघ्याला बसतो. बोर्डवर पडताना माणूस हात टेकवतो आणि मार मनगटाला, नाहीतर माकडहाडाला. तबला वाजवणारे, डेंटिस्ट, दिवसभर कीबोर्ड बडवणारे यांनी बोर्ड घेतलाच तर रिस्ट गार्ड इथूनच घेऊन जा, तिथं भाड्यानं मिळेलच असं नाही. हेल्मेट दोघांनाही हवंच, यात चर्चा नको. निघायच्या महिनाभर आधीपासून भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायची सवय करा, मांड्या भरून येतील, येऊ देत.

लिफ्टचा विचार कोणी करत नाही. नवशिक्यांच्या उतारावर ड्रॅग लिफ्ट असते, मांड्यांमध्ये चकती अडकवायची आणि ती तुम्हाला बर्फावरून वर ओढत नेते. स्कीवर सोपं आहे, बोर्डवर एक पाय सोडून आडव्यानं तोल सांभाळत जायचं म्हणजे वर पोचेपर्यंतच दमछाक, त्यात गुलमर्गचं मैदान बरंच सपाट, तिथं स्कीवाला काठ्या मारत निघून जातो आणि बोर्डवाला एका पायानं ढकलत बसतो. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर साधारण ३९०० मीटरच्या वर जातो, तिकीट ऑनलाइन आधी काढून ठेवा पण फोटोपुरतं, स्की घेऊन तिथून उतरायचा विचार नवशिक्यानं मनातही आणू नये.

सामान भाड्यानं घेताना सगळा वेळ बुटांवर घालवा. शक्यतो आदल्या संध्याकाळी जा, सकाळी घाई असते आणि दुकानदार हातात येईल तो जोड देतो. स्कीचा बूट बकल लावून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवून नडगी पुढं दाबली की ती थोडी मागं सरकली पाहिजेत, टाच मात्र जागची हलता कामा नये. मोजा एकच, पातळ आणि लांब, दोन मोजे घातले की पाय आत सरकतो आणि थंडही पडतो. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा खटका, लावताना वजन, उंची आणि पहिलीच वेळ आहे हे खरं सांगा, वजनात लाजू नका, पडल्यावर स्की पायातून सुटायची की नाही ते त्याच सेटिंगवर ठरतं. बोर्डचं बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही. तिथं बूट मऊ, चालायला मस्त, फक्त डावा पाय पुढं का उजवा ते आधी बघून घ्या. कोणी मागून हलकेच ढकललं तर जो पाय आधी पुढं पडतो तो, एवढी चाचणी सुरुवातीला पुरते.

कपड्यांत सुती काही नको, जीन्स तर नकोच. वॉटरप्रूफ पँट, दोन जोड ग्लोव्हज, गॉगल, सनस्क्रीन, बर्फावरचं ऊन वरूनही भाजतं आणि खालूनही. गुलमर्गच्या वाटेवर, खाली तंगमर्गला लांब ओव्हरकोट आणि गमबूट घ्या म्हणून लोक मागं लागतील, फिरायला ठीक आहे, स्कीला उपयोग नाही.

जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर बर्फाची शक्यता चांगली, तरी २०२४च्या जानेवारीत बराच काळ गुलमर्ग कोरडंच होतं, तेव्हा हॉटेलचं बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या. इन्शुरन्समध्ये स्कीइंग धरलंय का ते वाचा, बऱ्याच पॉलिसीत नसतं. प्रीपेड सिम काश्मीरबाहेरचं असेल तर तिथं चालत नाही, ग्रुपमध्ये एकाकडे तरी पोस्टपेड हवं. आणि इन्स्ट्रक्टर ठरवताना रोजचे किती तास, एका वेळी किती जण, लिफ्टचे पैसे धरून का वेगळे, आणि बोर्ड घेणार असाल तर तो स्वतः बोर्ड शिकवतो का, हे सगळं पैसे देण्याआधी बोलून घ्या.