सेल्फ लागत नाही? स्टार्टर मोटर उतरवण्याआधी या चुका टाळा

सेल्फ लागेना झाला की पहिला संशय स्टार्टर मोटरवर येतो. मोटर उतरते, नवी बसते, आणि चावी फिरवली की पुन्हा तोच ‘टक’. मग कुठे बॅटरीच्या टर्मिनलकडे लक्ष जातं.

आधी आवाज ऐका. भराभर टक-टक-टक होऊन दिवे मंदावत असतील तर बहुधा बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच ठसठशीत ‘टक’, दिवे जसेच्या तसे आणि पुढे शांतता, तर सोलेनॉइडचे (मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) कॉन्टॅक्ट किंवा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) झिजल्याची शंका घ्या. मोटर नुसतीच गरगरतेय, इंजिन हलत नाही? बहुधा पिनियनचा (इंजिन फिरवणारं मोटरचं छोटं दातेरी चाक) वन-वे क्लच घसरतोय. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, रिले, इग्निशन स्विच आणि क्लच पेडलचा स्विच बघा; ऑटोमॅटिक गाडीत गिअर न्यूट्रलला टाकून एकदा सेल्फ मारा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गाडी बंद असताना मल्टिमीटरवर 12.6 व्होल्ट दिसले म्हणून बॅटरीला क्लीन चिट देणं. आकडा सेल्फ मारताना बघायचा. तेव्हा तो 9.6 च्या खाली घसरला तर आधी बॅटरी चार्ज करून तपासा.

बॅटरी पास झाली की केबल तपासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर) आणि दुसरी सोलेनॉइडच्या त्या जाड बोल्टवर धरा, जिथे बॅटरीची केबल येते. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या जोडात आहे. तसंच निगेटिव्ह खांब आणि मोटरची बॉडी यांच्यात मोजा; तिथे 0.2-0.3 च्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी काढून घासा. हिशोब सोपा आहे: मोटर 150 अँपिअर ओढत असेल तर 0.01 ओहमचा गंजही दीड व्होल्ट खातो. डोळ्यांना तो जोड चांगलाच दिसतो, म्हणून तर फसायला होतं.

ठोकून सेल्फ लागतो, हे खरं आहे. झिजलेले ब्रश तात्पुरते कॉम्युटेटरला (ब्रश ज्यावर घासतात तो मोटरचा फिरता भाग) टेकतात. पण कायमचुंबकाच्या मोटरवर हातोडा चालवला तर आतली चुंबकं तडकतात. हलकी टिचकी पुरे, तीही गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती. स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइड शॉर्ट करण्याचा प्रकार मात्र नकोच; गाडी गिअरमध्ये असेल तर ती अंगावर येते.

सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर आर्मेचर (मोटरच्या आतला तारा गुंडाळलेला फिरता गाभा) जळतं.

मोटर उतरवायचीच असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. सोलेनॉइडचा तो जाड बोल्ट चावी बंद असतानाही लाइव्ह असतो, पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात. उतरवलीच आहे तर फ्लायव्हीलची रिंग (इंजिनच्या जड चाकावरची दातेरी कडी, जिच्यात पिनियन अडकतं) पूर्ण फिरवून दात बघा. इंजिन दरवेळी साधारण ठरावीक जागीच थांबतं, त्यामुळे दातही तिथलेच खराब होतात. एका बाजूचे चांगले दिसले म्हणून सोडू नका. मोटर तेलाने माखलेली निघाली तर ती गळती बंद केल्याशिवाय नवी बसवू नका.