नवख्याला रांगेत दुसरा ठेवा

डोंगरात पहिल्यांदाच आलेला माणूस मागे पडतो, आणि दमलोय हे पार गळून जाईपर्यंत कुणाला सांगत नाही.

म्हणून त्याला शेपटाला ठेवू नका. वाट दाखवणाऱ्याच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरवर चालवा. सगळ्यांचा वेग आपोआप त्याच्या वेगाला येतो. सर्वांत मागे एक जाणता माणूस हवाच.

1. पहिली 15-20 मिनिटं रटाळ वाटेल इतकं हळू चाला, मग थांबा. लेस सैल-घट्ट करणं, जास्तीचा कपडा काढणं इथेच उरकतं. टाच कुठे गरम लागतेय का, हेही विचारा. तेव्हाच चिकटपट्टी लावली तर फोड बहुधा टळतो. नवखा माणूस फोड फुटल्यावरच बूट काढतो!

2. "बरा आहेस ना?" विचारू नका, उत्तर "हो"च येतं. दोन-तीन वाक्यं बोलावी लागतील असं काहीतरी विचारा. वाक्य धापेनं मधेच तुटलं की वेग कमी करा.

3. विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस टेकल्यापासून लावा. नाहीतर पुढचे ताजे होऊन उठतात आणि मागचा आला तसाच चालू लागतो.

एक जपा: सुट्या दगडांच्या चढावर त्याला तुमच्या सरळ खाली येऊ देऊ नका. तुमच्या बुटाखालून निसटलेला दगड थेट त्याच्या अंगावर जातो.