‘मी काही स्त्रीवादी नाही हं’: या नकारावर गटचर्चा कशी घ्यावी

बचत गट असो, कॉलेजचा महिला कक्ष असो की सोसायटीचं महिला मंडळ, ‘स्त्रीवाद’ असा विषय ठेवला की पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, “मी काही स्त्रीवादी वगैरे नाही हं, पण...” चर्चा घेणारी त्या ‘पण’वर झडप घालते: “अहो, म्हणजे तुम्ही स्त्रीवादीच आहात की!” बाई हसते आणि पुढचा तासभर गप्प बसते. तिच्या नकाराला कारण होतं, ते कुणी विचारलंच नाही. ही चर्चा ते कारण कळावं म्हणून घ्यायची. बाईला स्त्रीवादी करून घरी पाठवायचं असेल तर सरळ भाषण ठेवा, वेळ वाचेल.

जमवाजमव

बारा ते पंधरा जणी, दीड तास. वीसच्या वर गेल्या तर दोन गट करा. गावात दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ बरी. संध्याकाळी पाणी, दूध आणि चूल आड येतात. लावणी-सोंगणीच्या दिवसांत ठेवू नका. 8 मार्चला तर नकोच. त्या दिवशी सत्कार असतो, फेटे असतात, आणि बायका दिवसाला शोभेल असंच बोलतात.

सगळ्यांनी सतरंजीवर गोल बसायचं, चर्चा घेणारीनेही. तिला खुर्ची दिली की त्याचा वर्ग होतो. सासू-सून एकाच गोलात नकोत. उद्घाटनाला सरपंच किंवा प्राचार्य आलेच तर चहा देऊन निरोप द्या. मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं नाही.

सामान: झाकणाला भोक पाडलेले, आतलं न दिसणारे सहा डबे, चिंचोके आणि हरभरे. प्रत्येकीला कापडी पिशवीत दोन्ही सहा-सहा द्यायचे, म्हणजे पंधरा जणींना नव्वद-नव्वद लागतात. प्रत्येक विधानाला एक डबा, त्यात प्रत्येकीने एक दाणा टाकायचा: चिंचोका म्हणजे ‘हो’, हरभरा म्हणजे ‘नाही’. पिशवी हवीच, नाहीतर मुठीत काय उरलं ते शेजारणीला दिसतं. हरभऱ्याच्या जागी शेंगदाणे चालत नाहीत. मोजायच्या आधी संपतात. चिठ्ठ्या वाटल्या तर लिहिता न येणाऱ्या बायकांना दुसरीकडून लिहून घ्यावं लागतं आणि गुप्तता तिथेच संपते.

सहा विधानं, याच क्रमाने:

1. बापाच्या जमिनीत मुलीला वाटा मिळावा.
2. विधवेला हळदीकुंकवाला बोलवावं.
3. मी स्त्रीवादी आहे.
4. मुलांच्या नावापुढे आईचं नाव लागावं.
5. घराच्या उताऱ्यावर बायकोचं नाव असावं.
6. भावाने मागितलं तरी बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करू नये.

तिसरं विधान मुद्दाम मध्ये आहे. ते आधी विचारलं तर पुढची सगळी उत्तरं त्याला जुळवून दिली जातात. शेवटी विचारलं तर पाच वेळा ‘हो’ म्हणून झालेल्या बाईला आपण सापळ्यात अडकलो असं वाटतं. एखादीचा हात तिसऱ्या डब्यावर थबकेल. तिला शब्दच माहीत नसेल. म्हणून आधीच सांगून ठेवा: शब्द कळला नाही किंवा सांगायचं नसेल तर दोन्ही दाणे एकत्र टाका. म्हाताऱ्या बायकांच्या ‘नाही’मधला बराच भाग असा असतो, तो नकारात धरला की सगळा हिशोब चुकतो.

मोजणी सहाही डब्यांत दाणे टाकून झाल्यावर, सगळ्यांसमोर. आधी पहिला आणि सहावा डबा शेजारी ठेवून मोजा. दोन्हींत एकच गोष्ट विचारली आहे, तरी पहिल्यात चिंचोके जास्त आणि सहाव्यात हरभरे जास्त असं चित्र वारंवार दिसतं. चर्चा तिथून उघडा, ‘स्त्रीवाद’ या शब्दावरून नको. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा समान हक्क महाराष्ट्रात 1994 साली आला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. 2005 साली केंद्राच्या दुरुस्तीने तो देशभर लागू झाला. हे अनेकींना ठाऊक असतं. तरी हक्क सोडल्याची सही होते, कारण सहीच्या बदल्यात माहेर राहतं: दिवाळीची साडी, लेकीचं बाळंतपण, नवऱ्याशी बिनसलं तर चार दिवस टेकायला ओसरी. बाईचा हा हिशोब कच्चा नसतो. हे नीट बोलून झालं की तिसऱ्या डब्याकडे वळा. एखादा शब्द नाकारण्यामागेही किती वेळा असाच हिशोब असतो, ते त्यांचं त्यांनाच दिसू लागतं.

नकार कोणता, ते कसं ओळखावं

“आम्ही नाही बाई त्यातल्या.” हे वाक्य कानात धरून ठेवा. मराठीत ‘त्यातली’ हा शब्द आधीच बदनाम आहे, तो बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवतो. 1975 च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या सुमारास ‘स्त्रीमुक्ती’ हा शब्द रुळला तसा “मुक्ती कुणापासून, नवऱ्यापासून का?” हा विनोदही रुळला. आज शब्द बदलून ‘फेमिनिस्ट’ झाला, टोमणा तोच आहे. अशा बाईला “लाज कसली वाटते?” असं विचारू नका. “तुम्ही असं म्हणालात तर पहिलं कोण काय बोलेल?” असं विचारा. नणंद, ऑफिसातले साहेब, धाकटीसाठी स्थळं सुचवणाऱ्या मामी... नेमकी माणसं पुढे येतात. किंमत वसूल करणारी माणसं दिसली की शब्दाबद्दल वाद घालायची गरज उरत नाही.

“ते तुमच्या लोकांचं.” इथे चर्चा सगळ्यात लवकर बिघडते. चर्चा घेणारी सवर्ण असेल तर पटकन म्हणते, “आम्ही जात मानत नाही.” एवढं एक वाक्य गिळा. आंबेडकरी चळवळीतल्या अनेक बायका 25 डिसेंबरला स्त्रीमुक्ती दिन पाळतात, कारण 1927 साली त्या दिवशी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्यांचं कॅलेंडरच वेगळं आहे आणि ते 1975 च्या कितीतरी आधी सुरू होतं. 2005 साली राज्यात डान्सबारवर बंदी आली तेव्हा मुंबईतल्या काही स्त्रीवादी गटांनी रोजगाराच्या हक्कासाठी बंदीला विरोध केला. काही दलित स्त्री-संघटनांनी, जातीने लादलेल्या नाचगाण्याचा इतिहास पुढे करत, बंदीची बाजू घेतली. दोन्ही बाजूंना बायकांचंच भलं हवं होतं. “तुमच्या वस्तीतल्या कोणत्या प्रश्नाला कुणीच आलं नाही?” असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. दोन मिनिटं शांतता झाली तरी चालेल. आणि याच गोलात एखादी “मी दलित स्त्रीवादी आहे” असंही म्हणेल; तिला सगळ्यांची प्रतिनिधी करू नका.

विचार करून नकार देणारीही असते. स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या ‘मानुषी’ नियतकालिकाच्या संपादक मधू किश्वर यांनी आपण स्वतःला स्त्रीवादी का म्हणवत नाही, यावर 1990 साली लेखच लिहिला. उसना ‘वाद’ इथल्या प्रश्नांवर आयता बसवायला त्यांचा विरोध होता. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन 1986 साली चांदवडला भरलं, पुढे लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात शेतकऱ्यांनी जमिनी बायकोच्या नावे केल्या, आणि हे सगळं स्त्रीवादाचं नाव न घेता झालं. पाचव्या विधानावर बोलताना हे सांगा, विशेषतः शेतकरी घरांत.

परंपरेच्या बाजूने येणारा नकार अज्ञानातून आला असं धरून चालू नका. लक्ष्मीबाई केळकरांनी 1936 साली वर्ध्यात सुरू केलेल्या राष्ट्र सेविका समितीचे आदर्श मातृत्व, कर्तृत्व आणि नेतृत्व असे आहेत. तिथल्या बायका संघटना चालवतात, भाषणं करतात, फक्त कुटुंबाला विरोधी पक्ष मानत नाहीत. तुम्हाला हे पटत नसेल, तरी “तुमच्यावर तसे संस्कार झालेत” हे वाक्य टाळा, तिच्याकडे तुमच्यासाठी तेच वाक्य तयार असतं. नेमका कशाला विरोध आहे ते विचारा: वाट्याला, घटस्फोटाला, की धर्मावर बोलण्याला? दुसऱ्या विधानाला यातल्याही काही जणी चिंचोका टाकतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो दाखला इथे चालतो.

मुलग्यांच्या आयांना सुनेच्या खोट्या तक्रारीची भीती असते. सासरच्या छळाबद्दलचं जुनं 498-अ कलम आता भारतीय न्याय संहितेत 85 झालं, एवढं सांगा आणि आकडेवारीच्या भांडणात शिरू नका. चौथ्या विधानावर फार वेळ घालवू नका. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्यात आईचं नाव सरकारी कागदांवर येतंच.

हमखास होणारे घोटाळे

शिकलेली, बोलकी बाई पहिली बोलली की बाकीच्या माना डोलावतात. म्हणून सुरुवात तिच्या उजव्या हाताच्या बाईपासून करा, म्हणजे तिची पाळी शेवटी येईल. चर्चा नवऱ्यांच्या विनोदांवर घसरली तर पाच मिनिटं घसरू द्या, मग सहावा डबा पुन्हा पुढे ओढा. शेवटी ठराव किंवा शपथ घेऊ नका. शपथ घेतली की मघाचे सगळे नकार खोटे पडतात.

अहवालात “पंधरापैकी इतक्या स्त्रीवादी” असं लिहू नका. प्रत्येक नकाराचं वाक्य जसं आलं तसं, बोलीसकट लिहा. नाव नको, वय आणि काम पुरे. दाणे सगळ्यांदेखत एका पातेल्यात ओतून मिसळा. हरभरे कुणाला भिजत घालायला हवे असतील तर देऊन टाका.