ट्रेलर ओढायला गाडी घेताय? आधी दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा

आमच्या पहिल्या गाडीच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता २,७०० किलो लिहिली होती. ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, पाणी, गॅस, अंथरुणं, भांडीकुंडी सगळं धरून २,३५० किलोचा. साडेतीनशे किलो हातचे आहेत म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दुसऱ्याच सहलीत एका लांब उतारावर शेजारून मोठी बस गेली आणि ट्रेलर झोके घ्यायला लागला. स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं, गाडीच्या ब्रेकला पाय लावला नाही आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक, ते गाडीतून चालवणाऱ्या कंट्रोलरवरून हाताने लावले. चार-पाच झोके खाऊन तो सरळ झाला. मागच्या सीटवर मुलं झोपलेली होती.

घरी परतण्याआधी वजनकाटा गाठला. ट्रेलर सोडून, आम्ही चौघं आणि सामान आत असताना गाडी भरली २,४२० किलो: पुढच्या ॲक्सलवर १,२६०, मागच्यावर १,१६०. मग ट्रेलर जोडला आणि गाडीचे दोन्ही ॲक्सल पुन्हा तोलले. पुढे १,११५, मागे १,६०५. म्हणजे ट्रेलरचा दांडा हुकावर ३०० किलो टाकत होता, पण हूक मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे तरफेसारखं होऊन मागच्या ॲक्सलवर ४४५ किलो वाढले आणि पुढचे १४५ किलो उचलले गेले. बैलगाडी मागे जास्त भरली की उलाळ होते, तसंच. वळवणारी चाकंच हलकी झाली, तर स्टिअरिंग कशाच्या जोरावर धरायचं?

हुकावरच्या या भाराला टंग वेट म्हणतात, आणि गाडी निवडताना सगळा हिशोब इथून सुरू होतो. उत्तर अमेरिकेतल्या पद्धतीच्या ट्रॅव्हल ट्रेलरला तो भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के लागतो. युरोपातले कॅरॅव्हॅन हलके, वेगमर्यादाही कमी, म्हणून तिथे साधारण ५ ते ७ टक्के धरतात. कमी ठेवून गाडीवरचा भार वाचवू असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. दांडा हलका झाला की ट्रेलर हमखास झुलतो.

आता स्टिकर. अमेरिका-कॅनडातल्या गाड्यांवर ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतं: बसणारी माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त इतके किलो. याला पेलोड म्हणतात. इतर ठिकाणी गाडीच्या कमाल परवानगीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. आमचं स्टिकर ५२० सांगत होतं. माणसं २७०, डिकीतलं सामान ९०, हिचचं (हूक ज्यावर बसतो त्या जोडणीचं) लोखंड २५, टंग वेट ३००. बेरीज ६८५. ओढण्याची क्षमता शाबूत असूनही गाडी १६५ किलोंनी जास्त भरलेली होती, आणि हे आम्हाला विकत घेताना कुणीही सांगितलं नाही. माहितीपत्रकातला ओढण्याचा आकडा बहुतेक वेळा गाडीत जेमतेम दोन माणसं धरून काढलेला असतो. घरचे सगळे बसले, छतावर सायकली चढल्या की तो आकडा तुमचा राहत नाही.

म्हणून माझा आग्रह: ट्रेलर आधी ठरवा, गाडी मागून. ट्रेलरचं रिकामं वजन हिशोबात घेऊच नका. त्याच्या पाटीवरचं कमाल वजन घ्या, कारण सामान भरता भरता तुम्ही तिथवर पोहोचताच. दीडशे लिटरची पाण्याची टाकी भरली की तिथेच दीडशे किलो. त्या कमाल वजनाचे १३ टक्के काढा, त्यात घरची माणसं, सामान आणि हिच मिळवा. जी बेरीज येईल तिच्यापेक्षा पेलोड निदान शंभर किलोंनी जास्त असलेल्याच गाड्या बघायला जा. त्याच मॉडेलच्या दोन गाड्यांचं पेलोड वेगळं असतं. सनरूफ, मोठी चाकं, वरच्या श्रेणीतल्या सीट हे सगळं त्यातूनच वजा होतं. ज्या गाडीचे पैसे मोजणार, तिच्याच दाराचं स्टिकर वाचा. मागच्या ॲक्सलची, टायरची आणि हुकाची मर्यादाही बघा. सगळ्यांत कमी जी असेल तीच तुमची मर्यादा.

व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, लांब असावा, आणि मागचं चाक ते हूक हे अंतर कमी. आमची दुसरी गाडी वेगळ्या चासिसवरची, लांब व्हीलबेसची, ७८० किलो पेलोडची आहे. तोच ट्रेलर तिच्यामागे गुमान येतो. तिला वेट डिस्ट्रिब्यूशन हिचही लावला आहे. तो भाराचा काही भाग पुढच्या चाकांवर परत आणतो, मात्र गाडीचं पेलोड वाढवत नाही, आणि काही गाड्यांना कंपनीच तो लावू देत नाही. मॅन्युअल बघून घ्या.

इंजिनाची चर्चा लोक सगळ्यात जास्त करतात. मला ती दुय्यम वाटते. चढावर गाडी हळू गेली तर उशीर होईल, इतकंच. डिझेल किंवा टर्बो असेल तर घाटात सोपं जातं, कारण टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटर उंचीला सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. इलेक्ट्रिक गाडी ओढते जोरात, पण मागे उंच ट्रेलर असला की एका चार्जमधलं अंतर निम्म्यावर येऊ शकतं. गिअरबॉक्सला ऑइल कूलर आणि टो मोड (ट्रेलर ओढतानाची गिअरची खास सेटिंग) मात्र हवाच, म्हणजे उतारावर खालचा गिअर गाडी धरून ठेवतो आणि ब्रेक तापत नाहीत.

ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर गाडीत आधीपासून बसवलेला आहे का, ट्रेलरच्या रुंदीपलीकडे दिसेल असे आरसे लागतात का, हेही विचारा.

गाडी आधीच दारात उभी असेल, तर हिशोब उलटा करा. पेलोडमधून माणसं, सामान आणि हिच वजा करा, उरलेल्या किलोंना ०.१३ ने भागा. आमच्या पहिल्या गाडीचे १३५ किलो उरत होते. म्हणजे साधारण १,०४० किलोचा, पूर्ण भरलेला ट्रेलर. तेवढा छोटा घेतला असता, तर ती गाडी विकावी लागली नसती.