जुन्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंग बॉक्समधला प्ले कसा काढावा

सरळ रस्त्यावर स्टिअरिंग दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे करत राहावं लागतंय आणि चाकं ढिम्म. जुनी गाडी बाळगणाऱ्याच्या वाट्याला हा प्ले कधी ना कधी येतोच. बॉनेट उघडलं की स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या बॉक्सच्या डोक्यावर एक स्क्रू आणि त्याला जागेवर धरून ठेवणारा चेकनट दिसतो, आणि हात शिवशिवायला लागतात. जरा थांबा. त्या स्क्रूचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

दोष बॉक्सचाच आहे ना?

आधी टायरमधली हवा बघा. कमी हवेच्या टायरवर चांगलं स्टिअरिंगही ढिलं वाटतं. मग एका माणसाला स्टिअरिंगवर बसवा. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये आणि इंजिन चालू. इंजिन चालू हवं, कारण बऱ्याच पॉवर बॉक्समध्ये आत एक पिळली जाणारी बारीक दांडी असते. आपण स्टिअरिंग किती जोरात फिरवतोय हे मदतीचं तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हला तिच्या पिळामुळे कळतं. इंजिन बंद असताना हा पीळच प्लेसारखा वाटतो, आणि नसलेला आजार शोधण्यात दुपार जाते.

आता त्या माणसाने स्टिअरिंग थोडंसंच डावी-उजवीकडे हलवत राहायचं. तुम्ही बाही वर करून, पंखा आणि बेल्टपासून लांब राहून एकेका सांध्यावर बोट ठेवा. सांध्यातला खेळ डोळ्यांच्या आधी बोटाला कळतो. स्टिअरिंगचा दांडा हलतोय पण बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट मागे राहतोय? मग मधलं रबरी कपलिंग गेलंय. पिटमन आर्म (बॉक्समधून बाहेर येणारा, चाकांच्या दांड्यांना हलवणारा हात) लगेच हलतोय पण चाक उशिरा? मग टाय रॉड एंड (चाकाला वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा) किंवा आयडलर आर्म (दुसऱ्या बाजूने त्या दांड्यांना आधार देणारा हात) गेलाय. शाफ्ट फिरतोय आणि पिटमन आर्म वाट बघतोय, तेव्हाच बॉक्स दोषी.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. बॉक्सच्या आणि चासीच्या सांध्यावर बोट आडवं ठेवा. अख्खा बॉक्सच सरकत असेल तर बोल्ट ढिले आहेत किंवा तिथे चासीला तडा गेलाय. तडा असेल तर आधी त्याची दुरुस्ती, तोवर गाडी रस्त्यावर नको.

आत काय चाललंय

इथे रीसर्क्युलेटिंग बॉल जातीचा बॉक्स धरून चाललोय. तुमच्या स्टिअरिंगने आतला नागमोडी खाचांचा वर्म फिरतो, खाचांतून पोलादी गोळ्या धावतात आणि वर्मवरचा दातेरी ठोकळा पुढे-मागे सरकतो. त्याचे दात सेक्टर शाफ्टच्या दातांत बसतात, आणि त्या शाफ्टच्या टोकाला पिटमन आर्म. सेक्टरचे दात किंचित निमुळते असतात. वरचा स्क्रू फिरवला की शाफ्ट आपल्याच अक्षावर थोडा सरकतो आणि दातांमधली फट कमी-जास्त होते.

खरी मेख पुढे आहे. हे दात स्टिअरिंगच्या दोन टोकांच्या बरोबर मध्यावर मुद्दाम घट्ट आणि दोन्ही टोकांना सैल ठेवलेले असतात. म्हणून ॲडजस्टमेंट फक्त मध्यावरच करायची. चाकं वळलेली असताना प्ले काढलात, तर सरळ करताना बॉक्स मध्यावर आवळला जाईल.

मध्य शोधा

पुढची दोन्ही चाकं जॅकने उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. इंजिन बंद. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, फेरे मोजा, निम्मे परत या. स्टिअरिंगच्या रिमवर वरच्या बाजूला चिकटपट्टी लावा. काही बॉक्सच्या शाफ्टवर सपाट भाग किंवा हाउसिंगवर मध्याची खूण असते; ती असेल तर फेऱ्यांपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा.

मध्यावर बॉक्स असताना चाकं सरळ दिसत नसतील, तर कधीतरी अलाइनमेंट करताना एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून स्टिअरिंग व्हील काढून सरळ बसवलेलं असणार. अशी गाडी सरळ जाताना बॉक्सच्या सैल भागावर चालते. स्क्रूने हे सुटत नाही. दोन्ही टाय रॉड सारखे करून घ्या. मला तर ढिल्या बॉक्सच्या निम्म्या तक्रारी याच असाव्यात असा संशय आहे.

आता स्क्रू

चेकनटभोवतीची माती ब्रशने काढा, गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ द्या. स्क्रू आणि कव्हर दोन्हींवरून जाणारी रंगाची एक रेघ ओढा. गोंधळ झाला तर परतीचा रस्ता तोच. मग स्क्रू ॲलन कीने किंवा स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवा आणि चेकनट पान्याने सैल करा. तेल पाझरायला नको म्हणून जेवढ्यास तेवढाच.

स्क्रू कोणत्या दिशेने आवळतो हे सगळ्या बॉक्सना सारखं नसतं. गाडीचं मॅन्युअल बघा. नसेल तर एक अष्टमांश फेरा फिरवा, म्हणजे 45 अंश, आणि मध्यावर स्टिअरिंग हलवून प्ले वाढला की कमी झाला ते बघा. दिशा कळली की एका वेळी अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त जायचं नाही. दरवेळी स्क्रू पक्का धरून चेकनट आवळा (नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते), मग स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा. मध्यावरून जाताना हाताला जेमतेम जाणवेल एवढाच भार हवा. अडकलं, खरखरलं, तर लगेच मागे या.

काटेकोर माप हवं असेल तर पिटमन आर्म पुलरने (ओढून काढायच्या अवजाराने) सोडवून, हातोड्याने नव्हे, स्टिअरिंगच्या नटावर छोटा टॉर्क रेंच लावतात. मॅन्युअलमधला आकडा इंच-पाउंडात असेल तर तो फूट-पाउंड समजू नका. एका फूट-पाउंडात बारा इंच-पाउंड असतात.

रस्त्यावर तपासणी

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एकदम अर्धा फेरा दिला होता. उभ्या गाडीत स्टिअरिंग असं घट्ट लागलं की नवीच गाडी वाटावी. पहिल्या वळणानंतर ते आपसूक परत आलंच नाही. मला ओढून सरळ करावं लागलं. म्हणून तपासणी रिकाम्या रस्त्यावर, हळू वेगात करा. वळून पकड सैल करा, हात मात्र रिमजवळच असू द्या. स्टिअरिंग पूर्वीसारखं मागे यायला हवं. येत नसेल किंवा येता येता मध्यावर चिकटत असेल, तर फाजील आवळलंय. थोडा प्ले राहिलेला बरा, चिकटणारं स्टिअरिंग नको. जास्त आवळलेले दात नेमके मध्यावरच झिजतात आणि मग बॉक्स उघडण्यावाचून इलाज नसतो.

स्क्रूने फरक पडत नसेल तर पिटमन आर्म धरून वर-खाली आणि आडवा हलवा. सेक्टर शाफ्टच डुगडुगत असेल तर बुश किंवा बेअरिंग गेलं. शाफ्ट ठीक असूनही प्ले तसाच असेल तर वर्मचं बेअरिंग किंवा गोळ्यांच्या खाचा झिजल्या असतील, आणि ते काम बॉक्स काढून टेबलावरच होतं.

शेवटी पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची पातळी बघा, आणि तेल मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच घाला. आठवड्याभराने बॉनेट पुन्हा उघडा: स्क्रू जिथे ठेवला तिथेच आहे का, चेकनट घट्ट आहे का आणि त्याच्याखाली तेलाचा ओलावा आलाय का.