एमआरआयची तारीख घेण्याआधी पाळीची तारीख बघा

बीआरसीए-१ पॉझिटिव्ह (या जनुकातल्या बदलाने स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो) आणि तिशी उलटलेली, म्हणजे वर्षाला एक मॅमोग्राम, एक ब्रेस्ट एमआरआय. एमआरआयसाठी फोन उचलण्याआधी पाळीची तारीख बघा. मागच्या खेपेला मी नुसता सुट्टीचा शनिवार बघितला. तो निघाला पाळीचा २४वा दिवस. त्या दिवसांत हार्मोन्समुळे निरोगी भागही कॉन्ट्रास्ट (तपासणीत शिरेतून देतात ते औषध) ओढून घेतो, सगळंच चमकतं. रिपोर्टात 'नक्की सांगता येत नाही, पुन्हा करा'. पैसे गेले ते गेले, महिनाभर झोप गेली. पाळी आल्यापासून ७वा ते १४वा दिवस, बस्स. सेंटरवाले विचारतील या भरवशावर राहू नका, मला कुणी विचारलं नव्हतं. पाळी पुढेमागे होत असेल तर ती आल्यावरच फोन करा. मी आता कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी लाल गोल करते.

जुने रिपोर्ट, सीडी, सांगायला नको. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी करून ठेवा, कॉन्ट्रास्ट किडनीतून बाहेर पडतो. मंगळसूत्र निघतं हो, जोडवी अडतात. आदल्या रात्री साबण लावून घरीच काढा. खोकला असेल तर आधीच सांगा, अर्धा-पाऊण तास पालथं पडून हलायचं नसतं. आणि पाळीची तारीख!

डॉक्टरांकडे जनुकीय चाचणीचा पूर्ण रिपोर्ट न्या, व्हॉट्सॲपवरचं एकच पान नको. नेमका कुठला बदल ते त्यात असतं आणि बहिणीची चाचणी तेवढ्याच बदलासाठी करता येते. 'व्हीयूएस' (बदल सापडला, पण धोक्याचा की नाही ते नक्की नाही) लिहिलं असेल तर ते पॉझिटिव्ह धरून ऑपरेशन ठरवू नका. घराण्याची माहिती वडिलांकडचीही काढा. 'आईकडे कुणाला नाही' म्हणून मी मोकळी झाले होते. आत्या ओव्हरीच्या कॅन्सरने गेली, ते बाबांना विचारल्यावर कळलं.

सर्जनकडे वही न्या. दोन्ही स्तन काढले तर धोका सुमारे ९० टक्के कमी होतो, शून्य होत नाही. ओव्हरी आणि नळ्या बीआरसीए-१ला साधारण ३५ ते ४०मध्ये, मुलं झाल्यावर काढतात, कारण ओव्हरीसाठी भरवशाची तपासणीच नाही. पाळी लवकर बंद होईल, हाडांचं काय, तेही विचारा. हार्मोनच्या गोळ्यांचंही. पुढची एमआरआय? आधी तो लाल गोल. सोबत कुणीतरी हवंच, नवऱ्याला रजा नसेल तर वहिनीला न्या.