पोर्टलवर मार्क भरायला बसताय? आधी एक्सेल उघडा
मागच्या टर्मची गोष्ट. ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने ठाण्याला घरी आले, जेवणं उरकून साडेदहाला कॉलेजच्या पोर्टलवर बसले, 68 पोरांचे मार्क, वर प्रत्येकाला एकेक ओळ शेरा, मध्ये दूध ऊतू जातं म्हणून उठले, मग आईचा फोन, आणि शेवटी सेव्ह दाबलं तर समोर लॉगिनचं पान! सगळं गेलं. नवरा म्हणतो, परत भर ना, त्यात काय.

तर होतं काय, आपण टाइप करत असलो तरी बऱ्याच पोर्टलना त्याचा पत्ताच नसतो, सेव्ह दाबेपर्यंत सर्व्हरकडे काहीच पोचत नाही, मग तो समजतो बाई उठून गेल्या आणि आपल्याला लॉगआउट करून टाकतो. त्यामुळे दहा-दहा पोरांनंतर सेव्ह करायचं.

त्याहून बरं म्हणजे तिथे टाइपच करू नका. तुमचं पोर्टल मूडलवर (बरीच कॉलेजं वापरतात ती ऑनलाइन शिकवण्याची सिस्टीम) असेल तर असाइनमेंटच्या सेटिंगमध्ये फीडबॅकखाली 'ऑफलाइन ग्रेडिंग वर्कशीट'वर टिक करा, मग सबमिशनच्या पानावरून शीट डाउनलोड होते. त्यात फक्त मार्क आणि शेऱ्याचे कॉलम भरा. पहिला आयडेंटिफायरचा कॉलम कितीही निरुपयोगी वाटला तरी उडवू नका, कुठले मार्क कोणाचे ते त्यावरूनच कळतं. सेव्ह करताना एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-8' निवडा, साधं सीएसव्ही केलंत तर मराठी शेऱ्यांची प्रश्नचिन्हं होतात (मी नेहमी गुगल शीट्स वापरते, तिथे ही कटकटच नाही). मग तीच फाइल परत अपलोड. लाइट गेली तरी फाइल आपल्याकडे आहे.

आता तारखा. ड्यू डेट उलटली तरी मूडल काम घेतं, फक्त उशिरा आलं असं दाखवतं. दार बंद होतं ते कट-ऑफ डेटला, ती वेगळी टाकावी लागते. आणि वेळ 00:00 राहिली असेल तर 20 तारीख म्हणजे 19 ची रात्र संपली की खेळ खलास, पोरं मात्र 20 च्या संध्याकाळी निवांत करायला बसलेली. 23:55 टाका.

आणि "मॅडम मी सबमिट केलं होतं" म्हणत कोणी आलं तर ओरडायच्या आधी स्टेटस बघा, बरेचदा तिथे ड्राफ्ट लिहिलेलं असतं, पोराने फाइल चढवलेली असते पण शेवटचं सबमिटचं बटण दाबलेलंच नसतं. ते बटण सक्तीचं करायचं की नाही ते सेटिंगमध्ये आपल्याच हातात आहे. मी बंद करून टाकलंय.